पायाच्या जागी कान

"तू ये. तुला फार अॅक्टिंग करावी लागणार नाही."

मॅडम हे हसत म्हणाल्या. वाईट हेतूने म्हणाल्या असं मी आजही म्हणणार नाही. हॉलमध्ये शंभर पोरं-पोरी बसली होती. मॅडमनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. शेवटून दुसरा बाक.

हॉल हसला. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतरांबद्दल बरंच बोलणार आहे.

तास सहवेदनेचा होता. डॉक्टरला नुसती औषधं येऊन चालत नाही, समोरच्याचं दुःख कळलं पाहिजे, म्हणून हा विषय आम्हाला अभ्यासाला आहे. त्या दिवशी नाटक करायचं होतं. एकाने डॉक्टर व्हायचं आणि एकाने रस्त्यावर राहणारा बेघर पेशंट. डॉक्टर कोण होणार ते आधीच ठरलेलं होतं. अथर्व. त्याच्या आई-वडिलांचं संभाजीनगरला नर्सिंग होम आहे, पोरगा लहानपणापासून स्टेथोस्कोप घेऊनच खेळलाय. बेघर कोण होणार, ते मॅडमनी चेहरे बघून ठरवलं.

मी पुढे गेले. टेबलाजवळ दोन खुर्च्या होत्या. एकीवर बसायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "अगं, खाली. फरशीवर. खरं वाटलं पाहिजे."

खाली बसले. अथर्व खुर्चीवर. त्याने विचारलं, "आजी, काय त्रास होतोय?" मी वीस वर्षांची होते. ओढणी डोक्यावरून घेतली. काय बोलावं सुचेना, म्हणून तोंडात आलं ते बोलले. "लई दुखतंय, साहेब."

टाळ्या पडल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी लवकर येतं. सगळ्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "बघा, किती नॅचरल. हिला काही शिकवावं लागलं नाही."

म्हणजे मला शाबासकीच मिळाली होती. तास सुटल्यावर मी बाथरूममध्ये गेले, ड्रेसला मागून लागलेली धूळ झटकली आणि पुढच्या तासाला जाऊन बसले.

मलाच का उठवलं, हे मला ठाऊक होतं. रंग. तेल लावून घट्ट घातलेली वेणी. आणि जीभ. पहिल्या वर्षी ओळख करून देताना मी म्हणाले होते, "माझं गाव शिरूर कासार तालुक्यात हाय." झालं. त्या दिवसापासून माझं नावच 'हाय' पडलं. पोरं समोरून आली की हात हलवून म्हणायची, "हाय." इंग्रजीतलं हाय. ज्याला कळलं तो हसायचा, ज्याला कळलं नाही त्याला बाजूला घेऊन समजावून सांगायचे.

मग मी जीभ घासायला घेतली. होस्टेलच्या खोलीत आरशासमोर उभी राहून म्हणायचे: आहे. नाही. आम्ही. खूप. पाणी. सहा महिन्यांत जीभ धुतल्यासारखी स्वच्छ झाली. फोनवर आई म्हणायची, "रेडिओवानी बोलायलीस."

वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी सांगायचे, शेती. हे खोटं नव्हतं. तीन एकर कोरडवाहू आहे, पाऊस झाला तर बाजरी आणि तूर येते. पुढचं मी गिळायचे. दिवाळी झाली की आई-वडील टोळीबरोबर ऊस तोडायला जातात. ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरं एकत्रच चढतात. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी घालायची, आत शिरायचं तर वाकून शिरायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथेच राहायचं. सातवीपर्यंत माझे सगळे हिवाळे कोपीत गेले. वर्षातले पाच-सहा महिने आम्ही बेघरच की. पण आम्हाला तसं कुणी म्हणत नाही, कामगार म्हणतात. पुढे मामाने ठेवून घेतलं म्हणून शिकले, मार्क पडले आणि सरकारी कोट्यातून या कॉलेजात आले.

कॉलेजचं नाव सांगत नाही. खाजगी आहे, नवीन आहे. बाहेरून सगळी काच आणि आत वॉर्डांत रिकाम्या खाटा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

त्या नाटकानंतर महिनाभरात मॅडमनी 'सहवेदना रविवार' सुरू केला. दर रविवारी सकाळी कॉलेजची बस आमच्या तीसेक जणांच्या तुकडीला गावातल्या एसटी स्टँडवर सोडायची. स्टँडच्या मागे पार्सल ऑफिसची बंद पडलेली शेड आहे. तिथे सतरा-अठरा माणसं राहायची. त्यांच्याशी बोलायचं, बीपी बघायचं, जखमा धुवायच्या आणि परत येऊन लॉगबुकात लिहायचं: मी काय पाहिलं, मला काय वाटलं, माझ्यात काय बदल झाला. प्रत्येक पानावर मॅडमची सही लागते. एक पान जरी सहीवाचून राहिलं तर परीक्षेला बसता येत नाही.

आम्हाला त्यासाठी जांभळे टी-शर्ट दिले होते, छातीवर लाल हृदय छापलेले. पहिल्याच रविवारी शेडमधली एक म्हातारी माझ्या छातीकडे बोट करून म्हणाली, "हे बदाम कावून छापलंय गं? पत्ते कुटायला आलात व्हय?"

ती गयाबाई. आष्टीकडची. साठीची असेल, दिसायची ऐंशीची. तिची माहिती भरून घ्यायचं काम अथर्वकडे होतं. त्याने फॉर्म काढला आणि वाचल्यासारखं विचारलं, "बेघर होण्याचं कारण?"

"कोन बेघर? घर हाय मला."

"मग तिथे का राहत नाही?"

"दिराच्या म्हशी राहत्यात तिथं."

अथर्वने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'कौटुंबिक'.

बाकीचं मला हळूहळू कळलं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. नवरा गेल्यावर गयाबाई बरीच वर्षं अर्धा कोयता म्हणून राबली. पाय चालेना तेव्हा मुकादमाने तिला ट्रकमध्ये घेतलं नाही. "खायला काळ अन् भुईला भार म्हनला मला," तिने सांगितलं. वर हसली. म्हणाली, "खायला तरी कुठं देतोय मेला."

तिच्या उजव्या टाचेला जखम होती. दिवाळीच्या आधी पत्रा लागला होता, तेव्हापासून भरलीच नव्हती. मी बोटाला टोचून साखर तपासली. आकडा बघून दुसऱ्या बोटाला टोचलं, आकडा तोच. तिने विचारलं तेव्हा सांगितलं, रक्तात साखर फार आहे. "घ्या," ती म्हणाली. "जलमभर ऊस तोडला मी, साखर खाल्ली लोकांनी, अन् निघाली माझ्या रगतात."

जखमेला वास येत होता. अथर्व फोटो काढायला म्हणून मागे सरकला. मी जखम धुतली, औषध लावलं, पट्टी गुंडाळली. शेवटचं टोक चिकटवायला चिकटपट्टी सापडेना. तेवढ्यात हात आपोआप चालले. टोकाला पीळ दिला, खालून घेतलं आणि खोचलं. गाठ नाही, नुसता पीळ. उसाची मोळी अशीच बांधतात, वाढ्यांनी. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. सहा वर्षांची असल्यापासून मी बापाच्या मागे फडात बसून असे बंध वळत होते.

गयाबाईने पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कंच्या टोळीची गं तू?"

शेडमधले सगळे ऐकत होते. अथर्व मोबाइल धरून उभा होता. मॅडम दोन पावलांवर होत्या.

"नाही, आजी," मी म्हणाले. "आम्ही टोळीतले नाही. हे आम्हाला कॉलेजात शिकवलंय."

"बरं," गयाबाई म्हणाली. पुन्हा कधी तिने विचारलं नाही. पण दर रविवारी पाय मात्र ती माझ्याच पुढे करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

मला माझी लाज वाटली. नाटकात फरशीवर बसवलं तेव्हा मी गप्प बसले, ती भीती होती. हे मात्र मी मनाने केलं होतं. माझ्या आईला, बापाला, त्या सगळ्या कोप्यांना मी एका वाक्यात 'आमची नाहीत' म्हणून मोकळी झाले होते. तेही एका फाटक्या म्हातारीसमोर, जिने मला एका पिळावरून ओळखलं होतं. त्या आठवड्यात अथर्वने लॉगबुकात लिहिलं, 'गयाबाईंच्या जखमेने माझ्या मनाचे दार उघडले.' मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं.

जखम वाढत चालली. मी मॅडमना सांगितलं, हिला अॅडमिट करायला हवं, सर्जरीच्या डॉक्टरांनी बघायला हवं. "बघू," म्हणाल्या. "सोबत नातेवाईक नसला की अॅडमिशनला अडचण येते." पुढच्या रविवारी पुन्हा सांगितलं. पुन्हा बघू. तिसऱ्या रविवारी काळपट कड दिसायला लागली होती. मी फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांनी रडणाऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं.

आणि मग अचानक सगळ्यांना सगळ्यांचीच काळजी वाटायला लागली. दिल्लीहून कॉलेजच्या तपासणीचं पथक येणार होतं. रिकाम्या खाटा दिसल्या असत्या तर कॉलेजची मान्यता धोक्यात आली असती. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुझ्या गयाबाईला अॅडमिट करू या," त्या म्हणाल्या. "शेडमधल्या सगळ्यांनाच आणू. आपल्या खाटाही भरतील, त्यांचे उपचारही होतील. तू बोललीस तर येतील ते. तुझी भाषा कळते त्यांना."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटलं, निमित्त काही का असेना, पाय तरी वाचेल. बाकीच्या शंका मी स्वतःच दाबून टाकल्या.

गयाबाई मात्र हलेना. "न्हाई येनार मी. दवाखान्यात पहिलं इचारत्यात, सोबत कोन हाय. कोनी न्हाई म्हनलं की भायेर काढत्यात. मागं गेलते की. काढलंच."

मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, त्या गावात, माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"मी हाय ना, मावशे. मी हाय सोबत. चल."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली. जी जीभ मी सगळ्यांपासून लपवून ठेवली होती, ती अशा कामाला आली.

कुठल्या विभागात किती खाटा कमी आहेत त्याची एक यादी होती. सर्जरीचा वॉर्ड भरला होता, आसपासच्या खेड्यांतून जीप भरून माणसं आणली होती. कमी पडत होती ती कान-नाक-घशाची माणसं. म्हणून गयाबाई कान-नाक-घशात. खाट नंबर चौदा. हिरवा गाऊन, नवी चादर. फाइलवर लिहिलं: उजवा कान दुखतो, दहा दिवसांपासून.

मी वॉर्डातल्या डॉक्टरांना म्हणाले, "सर, यांचा पाय..."

"माहीत आहे मला. आज नाही. उद्या सर्जरीला दाखवू. पायावर चादर घे."

मी चादर ओढली. माझ्या हाताने. वास झाकायला सिस्टरनी फिनेल जरा जास्त टाकलं.

मग मला गयाबाईला पाठ करून द्यायचं होतं. "मावशे, कुनी इचारलं तर कान दुखतो म्हन."

"कान? कानाला काय झालंय? चांगला हाय माझा कान."

"आजच्या दिवस म्हन. उद्या पायाचं करनार हायेत."

"तू हायेस न्हवं हितं?"

"हाय."

दुपारी पथक आलं. पिकल्या केसांचे एक साहेब, मागे डीन, मागे मॅडम, मागे पंधरा जणांची वरात. साहेब चौदा नंबरच्या खाटेजवळ थांबले. फाइल चाळली. "काय आजी, काय त्रास?"

गयाबाईने माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. जन्मात कुणी मोठ्या माणसाने तिला असं थांबून विचारलं नसेल. तिला वाटलं असेल, हा खरंच विचारतोय.

"पाय," ती म्हणाली. "पाय सडलाय, साहेब."

मग मॅडम हसल्या, अगदी मायेने. "सर, आजींना ऐकू कमी येतं. कानाचीच केस आहे ना. प्रश्न नीट कळत नाही त्यांना."

सगळे हसले. साहेबही हसले. फाइलवर खूण केली आणि पंधरा नंबरकडे गेले.

मी उशाशी उभी होते. पांढरा एप्रन घालून. "चादर उचला" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. त्या शब्दांना कुठलाही अभ्यास लागत नव्हता, शुद्ध भाषाही लागत नव्हती. मी बोलले नाही. अथर्व समोरच उभा होता, त्यालाही माहीत होतं. आम्ही शेडमध्ये जाणारे सगळेच तिथे होतो. सगळे सहवेदना शिकलेले. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत तास होते. सुटल्याबरोबर वॉर्डात गेले. सगळा वॉर्ड रिकामा. आया गाद्या उन्हात नेत होती. सिस्टर रजिस्टर लिहीत होत्या, त्यांना विचारलं.

"चौदा नंबर? कानाची ना? बरी झाली, सोडली," त्या म्हणाल्या. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला विचारू नको, बाळा. मला जे सांगितलं ते मी लिहिलं."

मी स्टँडवर गेले. शेडमध्ये गयाबाई भिंतीला टेकून पडली होती. अंगात ताप होता. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. शेजारी बिस्किटाचा पुडा, न फोडलेला. सगळ्यांना एकेक दिला होता म्हणे, जाताना.

"कान बरा झाला म्हनले," ती म्हणाली. "आता घरी जावा म्हनले. मी म्हनलं, कंच्या घरी?"

मी पाय बघत होते. वर बघायची हिंमत नव्हती.

"तू म्हनली व्हतीस, मी हाय."

रागाने नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं.

स्टँडवरचे दोन रिक्षावाले बघत उभे होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "उचल बे, बघतो काय." दोघांनी तिला रिक्षात ठेवलं. मी आधी आमच्याच कॉलेजच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर बघितलं. आज सकाळी कान बरा होऊन गेलेली बाई संध्याकाळी पाय सडून कशी येईल? कागद जुळत नव्हते. "तपासणीची फाइल अजून उघडी आहे," ते म्हणाले. "समजून घे. दुसरीकडे ने." जे आधी सोबत नातेवाईक नाही म्हणत होते, ते आता सोबत मी असतानाही घेत नव्हते.

सरकारी दवाखान्यात नेली. गर्दी, घाण, एका खाटेवर दोघं. पण घेतलं. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, "पेशंटचं नातं काय तुमच्याशी?"

"आम्ही एका टोळीतल्या."

त्याने मान वर केली. "टोळी हे नातं नसतं, ताई."

"आमच्यात असतं. मी शिरूर कासारची. आई-बाप ऊस तोडतात. लिहा."

त्याने 'इतर' लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी सही केली. मागे रांगेतली माणसं ऐकत होती. ऐकू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखाली पाय कापला. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "पंधरा दिवस आधी आणली असती तर पाय राहिला असता. घरात कुणाला डोळे नव्हते का?" मी सांगितलं नाही की मी डॉक्टर व्हायला निघालेय. आमच्या तीसेक जणांच्या डोळ्यांनी तो पाय दर रविवारी बघितला होता, त्याचे फोटो काढले होते, त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. आणि माझी डिग्री, जी मला हवीच आहे, ती आता त्या टाचेवर उभी आहे. कारण खाटा भरल्या, मान्यता राहिली. हे मला जन्मभर नाकारता येणार नाही.

शुद्धीवर आल्यावर गयाबाईने पहिला प्रश्न विचारला, "पाय कुठं टाकला त्यांनी?" मग लगेच, "माती तरी दिली का?" तिने विचारलं.

त्या आठवड्याचं लॉगबुकाचं पान मी एका बैठकीत लिहिलं. मी काय पाहिलं: खाट नंबर चौदा, कान-नाक-घसा वॉर्ड, फाइलवर कान, पेशंटला पाय. मला काय वाटलं: मी चादर ओढली. माझ्यात काय बदल झाला: मी आता गप्प बसणार नाही. खाली गयाबाईचं पूर्ण नाव, तिचं गाव, तपासणीचा दिवस, तिला सोडलं तो दिवस, पाय कापला तो दिवस. शेवटी माझं नाव आणि रोल नंबर.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला. डोळ्यांत पाणी होतंच.

"हे रिफ्लेक्शन नाही," त्या म्हणाल्या. "ही तक्रार आहे."

"हो."

"तुला कळतंय का, मान्यता गेली असती तर तुमच्याच बॅचचं वाटोळं झालं असतं? तुझंच? मी तुझ्यासाठी किती केलं. त्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मीच तुला पुढे आणलं."

"खाली बसवलं, मॅडम."

त्यांना खरंच कळलं नाही. कपाळाला आठी घालून त्या आठवायला लागल्या, कुठला दिवस, कसलं खाली. तेव्हा मला कळलं की यांच्यावर नुसतं रागावून भागणार नाही. यांना आपण काही केलंय हे आठवतसुद्धा नाही. गयाबाईचा पायही त्या अशाच विसरतील. पुढच्या वर्षी नवी पोरं येतील, नवे टी-शर्ट येतील, आणि शेडमध्ये दुसऱ्या कुणाची तरी जखम असेलच.

"हे पान फाड," त्या म्हणाल्या. "दुसरं लिहून आण. मी आजच सही करते, विषय संपला."

"तुम्ही फाडा."

त्यांनी फाडलं नाही. फाडायला हात उचलावा लागतो. लॉगबुक मिटून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "मग सही मिळणार नाही."

त्या दुपारी मी त्या पानाच्या चार झेरॉक्स काढल्या. एक दिल्लीला तपासणीवाल्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवली. एक सरकारी दवाखान्यात गयाबाईच्या फाइलला लावायला दिली. दोन माझ्याजवळ आहेत.

आईला फोन केला. ती फडात होती, मागे कोयत्यांचे आवाज येत होते. सगळं सांगितलं. तिने कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "माफी माग अन् मोकळी हो, बाई. आधी डाक्टर व्हय. मग काय बोलायचं ते बोल."

मी तिच्यावर रागावू शकले नाही. तिने आयुष्यभर हेच केलंय. मुकादमापुढे, कारखान्यापुढे, फडाशेजारच्या, पाणी भरू न देणाऱ्या गावांपुढे. आधी हंगाम संपू दे, मग बोलू. हंगाम संपला की पुढचा येतो. मी तिला म्हणाले, "आय, मी माफी मागनार न्हाई." ती म्हणाली, "मोळ्या उचलायच्यात, ठेवते," आणि फोन ठेवला.

दिल्लीहून अजून काही आलेलं नाही. कदाचित येणारही नाही. परीक्षेच्या यादीत माझं नाव नाही. अथर्वने होस्टेलच्या जिन्यात थांबवून विचारलं, "एका पानासाठी वर्ष घालवणार?" मी म्हणाले, हो. वर्गातले माझ्याशी बोलत नाहीत, काहींना वाटतं मी त्यांचं नुकसान करायला निघालेय. गयाबाई अजून वॉर्डात आहे. तिथून काढतील तेव्हा ती कुठे जाईल, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. आता मी तिला कुठलाही शब्द देत नाही. रोज सकाळी जाते, पट्टी बदलते, येते.

कॉलेज मी सोडणार नाही. मी निघून जावं, हेच त्यांना सोयीचं आहे. एक वर्ष जाईल, दोन जातील. नापास करतील, पुन्हा बसेन. पुन्हा करतील, पुन्हा बसेन. उसाच्या फडात बारा-बारा तास वाकून काम करणाऱ्यांची मी पोरगी आहे, थकण्याची भीती मला कुणी घालू नये. डॉक्टर मी होणारच. आणि ज्याचा पाय सडलाय त्याच्या कागदावर पायच लिहीन. खाली मॅडमची सही असो, नसो. माझी असेल.